एसीचं पाणी

नळाचं पाणी इथे चालत नाही.
खारं. दगड ते पितो आणि वाळताना
आतलं मीठ पापुद्र्यासकट अक्षरं उचलतं.
आधी तारीख जाते, मग आडनाव,
क्रूस शेवटी.

हे मला दुरमहंमदनं शिकवलं,
मनामातल्या या जुन्या दफनभूमीचा बलुच राखणदार.
त्याच्या बापाकडेही हीच किल्ली होती.
बोट दगडावर घासून जिभेला लावतो
आणि सांगतो, "अजून आहे."

पहिल्या वर्षी मी सिमेंट थापलं होतं.
मायेनं. एका पाद्रीच्या थडग्यावर, गुळगुळीत,
वर पांढरा ऑइलपेंट.
दोन हिवाळ्यांनी ते आपणहून सुटलं,
येताना दगडाचा चेहरा घेऊन आलं.
त्या पाद्रीचं नाव आता कुणालाच माहीत नाही.
ते माझ्या हातून गेलं.

मी नंदाखालचा. एसी मेकॅनिक.
सुचलं तेही धंद्यातलंच:
खिडकीखाली टपटपतं ते पाणी गोडं असतं,
हवेतून निथळलेलं, मिठाचा कण नाही.
कॅम्पमागे डबे लावले,
पामतेलाचे, रंगाचे, एक लोणच्याची बरणी.
एका खोलीत आठ जण झोपतात.
आठ जणांचा घाम, आठ जणांचा श्वास,
ऑगस्टमध्ये एका रात्रीत डबा काठोकाठ.
डब्यावर खडूनं खोली नंबर, महिना.

शुक्रवारी मिस्सा सुटली की आम्ही येतो.
लुआलहाती नर्स आहे, दातांच्या दवाखान्यातले
मऊ ब्रश आणते, बिनसुईच्या सिरिंजा.
मिंगेल रुमाव चुना मळतो.
टिश्यूपेपरचा लगदा त्या पाण्यात भिजवून
दगडावर लावायचा,
तापलेल्या कपाळावर घडी ठेवतात तसा.
आठवड्यानं लगदा वाळून कडक होतो,
मीठ त्यात आलेलं असतं.
पुन्हा नवा लगदा. पुन्हा शुक्रवार.

समितीवाले म्हणाले, ग्रॅनाइट बसवून टाकू, चकचकीत.
लुआलहाती म्हणाली, "कुणाच्या नावाचं?"
मग चहा आला.

हे सगळे इथे राहिले कारण बर्फ नव्हता.
तारखात्यातला कारकून, सव्वीस वर्षांचा.
बोटीवरचा आचारी.
सकाळी गेला तो संध्याकाळच्या आत मातीत,
घरी पत्र पोचायला दोन महिने.

आम्ही इथे राहत नाही. आम्हाला परत पाठवतात.
जॉकी डाबरे ऑगस्टमध्ये गेला,
गच्चीवर, चिलरजवळ, दुपारी.
कागदांवर सह्या मी केल्या:
कंपनीची, पोलिसांची, वकिलातीची हरकत नाही.
पेटीसकट एकशे अडतीस किलो.
शवागाराचा कॉम्प्रेसर
त्याच्या आदल्या आठवड्यात मीच दुरुस्त केला होता.
गार हवा आली तेव्हा हात पुढे धरून बघितली होती,
छान येत होती.

नोव्हेंबरात थेंब मंदावतो.
साठवलेले डबे काढावे लागतात.
दोन तारखेला, मृतांच्या सणाला,
गावी आई झेंडूच्या माळा करत असेल,
आम्ही कोपऱ्यातल्या त्या छोट्या दगडाशी बसलो.
नाव गेलेलं. आईबापांचं गेलेलं.
"अकरा दिवस" एवढंच उरलंय,
तेही तिरपा उजेड पडला तर.

मिंगेलनं शेवटचा डबा पुढे सरकवला.
खडू पुसट झालेला, पण वाचता येत होता:
खोली १४, जुलै.
जॉकीची खोली.
मिंगेलनं माझ्याकडे पाहिलं. मी झाकण उघडलं.

सिरिंजनं थेंब थेंब सोडत गेलो,
"अ"च्या वळणात, "दि"च्या वेलांटीत.
पाणी अक्षरात थांबायचं, थरथरायचं,
मग आत जायचं.
दगड तहानेला होता.

दुरमहंमदनं बोट घासून जिभेला लावलं.
बराच वेळ काही बोलला नाही.
"कमी झालंय," म्हणाला,
आणि रिकामा डबा धुवायला घेऊन गेला.