चार मिनिटं

क्लाक्सव्हीक, मार्च

हालूर शिट्टी वाजवत नाही,
नुसता हात खाली करतो आणि आम्ही सुटतो:
मी, मार्यून, माशांच्या कारखान्यातली सोलरून,
शाळेमागच्या चढावर.
वारा समोरून, नेहमीसारखा.
मेंढ्या बाजूला होत नाहीत.

चार मिनिटं जीव तोडून, तीन मिनिटं चालत.
असं चारदा. आठवड्यातून तीन दिवस.
‘बोलता आलं तर समजा, तुम्ही कमी धावताय.’
मार्यूनला गप्प बसवणारी
या बेटावरची ही पहिलीच गोष्ट.

पाळी गेली तेव्हा वाटलं, चला, एक कटकट मिटली.
तिच्या पाठोपाठ घरातून
आणखी काय काय निघून गेलं
ते तपासणीत कळलं.
धमन्या ताठरलेल्या,
मीठ बसून कडक झालेल्या होडीच्या दोरासारख्या.
वरचा रक्तदाब एकशे अठ्ठेचाळीस.

आईच्या छातीत दुखलंच नव्हतं.
जबडा ठणकतोय म्हणाली, मळमळतंय म्हणाली,
बटाटे सोलून पाण्यात टाकले आणि आडवी झाली.
पोटाचं असेल काहीतरी, असं सगळेच म्हणाले.
मीही.
दुसऱ्या दिवशी बटाटे पाण्यात तसेच होते.

तिसऱ्या मिनिटाला, नाडी एकशे छप्पन्नवर असताना,
मला ते बटाटे दिसतात.
मी थांबत नाही.

बारा आठवड्यांनी हालूरनं दंडाला पट्टा आवळला.
पाच मिनिटं. बोटं निळी, हात परक्याचा.
मग सोडला,
आणि पडद्यावरच्या काळ्या गल्लीत रक्त धावत आलं,
भिंती जरा मागं सरल्या,
दारात अंग चोरून कुणाला वाट द्यावी तशा.
‘आधीपेक्षा जास्त उघडली.’
किती?
त्यानं आकडा पुन्हा पाहिला.
‘केसाच्या जाडीइतकी.’

कोलेस्टेरॉल जिथल्या तिथं. वजनही.
रात्री दोनला अजून अंगातून वाफा निघतात,
मी खिडकी उघडते,
यानूस न बोलता पांघरूण कानावर ओढतो.
सोलरूनचा गुडघा सुजला, ती धावत नाही आता;
फाटकापाशी थर्मास घेऊन उभी असते
आणि आमच्या वेळा ओरडून सांगते, बहुतेक चुकीच्या.

आज चौथ्या फेरीत मी मार्यूनच्या पुढे होते.
वर पोचल्यावर तिला चिडवायचं होतं,
चांगलं जिव्हारी लागेल असं काहीतरी,
सबंध चढभर जुळवून ठेवलेलं.
गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिले.
तोंडातून एक अक्षर फुटेना.
म्हणजे बरोबर धावले होते.