मसुरीएवढा डोळा

महाराणी रोडवर शेकड्यानं मिळतो,
मसुरीएवढा, वर लाल नागमोडी रेघ.
त्याला एवढंच कळतं: उजेड आहे, उजेड नाही.
तेवढ्या अकलेवर मी इंदूरभर
घरांचे नंबर पेटवत हिंडतो,
गल्ल्यांची नावं पेटवतो.
बटण नाही, कुणी लक्षात ठेवायला नको,
दिवेलागणीला आपोआप.

गिऱ्हाइकाला दाखवायची माझी एक रीत आहे.
भर दुपारी डोळ्यावर तळहात धरायचा.
हाताखाली रात्र होते
आणि आकडा उजळतो.
लोक हसतात. पैसे तिथंच ठरतात.

अष्टपुत्रे काकू हसल्या नाहीत.
आडनावात आठ मुलगे, घरात दोघंच,
त्या आणि काका.
म्हणाल्या, "आकडा मराठीत हवा. ८७."
मी म्हटलं, काकू, हल्लीची डिलिव्हरीची पोरं
आपल्या आठाला ओळखत नाहीत.
पाटीखाली उभी राहून फोन करतात,
'भिया, सत्तासी किधर पडेगा?'
"पोरांसाठी नाही लावत," त्या म्हणाल्या.

काका घरपट्टीत होते.
ही कॉलनी प्लॉटा-प्लॉटानं उगवत होती तेव्हा
पत्र्याचं स्टेन्सिल आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन
इथल्या दारादारावर आकडा त्यांनीच उमटवलेला.
प्लॉट तुटला तर 'अ',
तुटलेला पुन्हा तुटला तर 'अ' छेद एक,
आणि भावाभावांत बोलणं नसेल
तर दोन्ही दारांवर तेवढ्याच उंचीवर.
आता संध्याकाळी फिरायला जातात
आणि परतताना भलत्याच फाटकाची कडी काढतात.
पत्ता विचारा, खडाखडा सांगतील, पिनकोडासकट.
फक्त तो कुठल्या भिंतीवर आहे
तेवढं सुटलंय.

मंगळवारी पाटी बसवून आलो.
रात्री साडेनऊला फोन: "लुकलुकतेय."

गेलो. पायरीवर तिघं बसलो.
समोरच्या बोरगावकरांनी नवी भिंत घातलेली,
पांढरीफेक, मधली गल्ली स्कूटरपुरती.
पाटी पेटे,
तिचाच उजेड भिंतीवर आपटून परत येई,
डोळ्याला वाटे उजाडलं,
विझे.
विझली की पुन्हा रात्र.
मिनिटाला वीस पहाटा.

काकू बराच वेळ बघत राहिल्या.
मग काकांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावत म्हणाल्या,
"याला काही उपाय असतो का रे?"
मी म्हटलं, पाटीला असतो.

डिकीत जुन्या केबलचं काळं साल होतं.
पेराएवढं कापलं, डोळ्याला टोपडं घातलं,
तोंड सरळ आभाळाकडे.
आता आभाळ सांगेल ते खरं, भिंत काहीही म्हणो.
पाटी लागली ती लागलीच.
काका उठून जवळ गेले.
साताची शेपटी बोटानं गिरवली.
"कापलंय बरं," म्हणाले,
"कुणाचं घर?"

पुढच्या आठवड्यात त्याच वळणावर होतो,
'गल्ली क्र. ४'ची पाटी लावत, शिडीवर.
दुपारचे चार. उन्हात सगळी फाटकं एकाच रंगाची.
काका अवेळीच बाहेर पडलेले, परतत होते.
पंच्याऐंशीच्या खांबावर त्यांनी अंगठा ठेवला.
थांबले. काही नाही.
शहाऐंशीच्या घंटीवर ठेवला.
आत कुत्रं भुंकलं.
पुढच्या खांबावर ते काळं टोपडं होतं.
त्यावर अंगठा दाबला,
घरपट्टीच्या नोटिशीवर लोकांचा घ्यायचे
तसा, जरा फिरवून.

भर उन्हात फिकट, पण दिसेल इतपत
८७.

अंगठा उचलला, गेला.
पुन्हा ठेवला, आला.
मग कडी काढून आत गेले,
आणि फाटक मागं उघडंच राहिलं.

माझ्या दातांत दोन स्क्रू होते.
हाक मारायची राहिली.