नदीसाठी ग्रीस

स्टेनवर क्वाडचं चाक उतरवते.
बेअरिंगमधलं ग्रीस ताकाळलेलं:
हिमनदी आत शिरली होती.

फळीवर दोन डबे.
तांबडा बापाच्या वेळचा, आत त्याच्या बोटांची खाच अजून तशीच.
निळा बोटींसाठीचा,
पाण्याला दाद न देणारा.

थोडं हे, थोडं ते? छे.
न जुळणारी दोन ग्रीसं एकत्र आली
की दोन्ही पातळ होतात,
पहिल्याच चढाला गळून जातात.

मग रॉकेलमध्ये बुडवून
ती एकेक छर्रा पुसते.
चिंधी तांबूस होत जाते.

आइसलंडचा सप्टेंबर. उद्या मेंढ्या उतरवायच्या,
सात वेळा तीच नदी.

तळहातावर निळा गोळा घेऊन
ती बेअरिंग दाबत राहते
ग्रीस पलीकडून डोकावेपर्यंत.

तांबडा डबा
फाटकाच्या बिजागरीला.
ते अजून कुरकुरतं.