काटा

संघानं सगळ्यात आधी विकत घेतला तो काटा.
खुर्च्या नाहीत, पाटी नाही, शिक्का तर नाहीच.
निळा, दीडशे किलोचा, तोंडावर घड्याळासारखी तबकडी,
मानाडोहून बोटीनं, रात्रभर
कुणाच्या तरी पायाशी झोपून आलेला.

त्याआधी अडत्याचा काटा होता.
त्याला एक जन्मखोड:
सियाव बेटावरचं काहीही त्याला
दोन किलो हलकंच वाटायचं.
आम्ही हसायचो.
हसण्याला वजन नसतं,
म्हणून तेही त्यानं फुकटच नेलं.

नव्या काट्यावर पहिल्यांदा चढला नोल्दीचा कोंबडा.
मग वेल्मिन्चे मावशी.
उतरली आणि म्हणाली, हाही खोटाच आहे.

आम्ही एकोणीस घरं.
अकरा डोंगर धुमसतो त्या अंगाला,
आठ समुद्राच्या.
वही माझ्याकडे, ओक्तोविनाकडे,
कारण माझं अक्षर लागतं.

जायफळ स्वतःच सांगतं कधी काढायचं ते.
फळ उकलतं, आत लाल जाळीत गुंडाळलेलं काळं बी.
जायपत्री सोलायची अलगद, फाटली की भाव फाटतो.
बी वाळत घालायचं मचाणावर,
आणि डोंगर शिंकला की धावत जाऊन झाकायचं.
राख कुणाची वाट पाहत नाही.

शहरातून ग्रेसेला आली, पाठीवर पिशवी,
पिशवीत ओल मोजायचं यंत्र.
यंत्र म्हणालं, चौदा.
मावशीनं एक बी कानाशी धरून हलवलं.
म्हणाली, अजून बोलत नाही.
दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.
आणखी सहा दिवस ऊन दिलं,
मग यंत्र म्हणालं दहाच्या खाली,
आणि कवचाच्या आत बी खुळखुळलं.

तरी पहिला माल परत आला.
सात गोण्या गेल्या, एकीत बुरशी.
कुणाच्या घरची, ते सगळ्यांना ठाऊक होतं.
वहीत रकाना होता: गोणी कुणाची?
मी लिहिलं: आमची.

मग आल्फ्रेट्सनं रात्रीत चाळीस किलो अडत्याला घातलं.
बेटावर गुपित बोटीनं जात नाही, पायी जातं,
सकाळपर्यंत सगळ्या आळ्या फिरून येतं.
बैठकीत तो टोपी हातात घेऊन उभा राहिला.
म्हणाला, पोरीची नर्सिंगची फी, शेवटची तारीख.
अडत्या नोट देतो, तुम्ही पावती देता.
पैसे चाळीस दिवसांनी.
पावती उकडून खाता येते का?

कुणी रागवायला तोंड उघडलं नाही.
बराच वेळ फक्त समुद्र बोलत होता, तोही विषय सोडून.
मग आठ घरांपैकी कुणीतरी म्हणालं,
किलोमागे पाचशे रुपिया बाजूला ठेवू.
ज्याच्या दाराशी तारीख उभी, त्याला त्याच दिवशी निम्मे.
अकरा घरांनी कुरकुर केली, आकडा दोनदा खाली आणला,
शेवटी तीनशेवर हात वर झाले.
आल्फ्रेट्सचाही.
त्याला आधी हात वर करायचा की नाही कळत नव्हतं.

दुसरा माल सुराबायाला गेला.
तिकडून कागद आला. त्यांचा आकडा, माझ्या वहीतला आकडा,
मी बोट ठेवून तीन वेळा ताडून पाहिले.
कागद आता मावशीच्या घरी आहे,
पवित्र ग्रंथाच्या आत नाही, तिनं मुद्दाम सांगितलं,
तांदळाच्या डब्यात. तिथं रोज हात जातो.

परवा संध्याकाळी अडत्या आला.
त्याचीही थोडी झाडं आहेत, बापाच्या वेळची.
स्कूटरवरून एक गोणी उतरवली,
इकडे तिकडे बघितलं, म्हणाला, तोलून द्याल?

नोल्दीनं माझ्याकडे पाहिलं.
त्याच्या डोळ्यांत दोन किलो होते.

गोणी चढवली.
काटा थरथरला, पुढे गेला, मागे आला.
थांबेपर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही.
मी लिहिलं: एकतीस किलो, सहाशे ग्रॅम.
त्यानं वही स्वतःकडे वळवून घेतली
आणि दोनदा वाचली.