समुद्रचोर

हद्रुमेतुमच्या बंदराला लागून आमचं घर,
आणि उंबरा ओलांडला की पायांखाली दुसरा समुद्र :
काचेच्या न् दगडाच्या चिमुकल्या तुकड्यांचा.
त्यात बांगडे, माकूळ, एक रागीट शेवंड.
बाबांना त्या फरशीचा केवढा तोरा!
पाहुण्यानं आधी खाली बघायचं, मग त्यांच्याकडे.

द्राक्षं खुडायच्या दिवसांत
शेवंडाच्या मिशीजवळ एक खळगा दिसला,
मसुराएवढा.
दुसऱ्या दिवशी दोन.
पंधरवड्यात फरशीच्या तोंडावर देवीचे व्रण.
बाबा गरजले : चोर सापडेपर्यंत
म्हाताऱ्या दारवानाला, त्रोफिमुसला, अर्धीच भाकर.

म्हणून तपास आम्ही हाती घेतला.
आम्ही म्हणजे मी, औफिदिया, वय वर्षं दहा;
जांभळ्या रंगाऱ्याची अरिशत,
जिच्या नखांना कायम कुजक्या शिंपल्यांचा वास;
आणि मासळीच्या रसाचे रांजण विकणाऱ्याचा मुथुन,
जो स्वतःच्या सावलीलाही आधी दरडावून घ्यायचा.

रात्री चाळणीनं पीठ भुरभुरलं.
सकाळी त्यावर मांजराची फुलं,
काकांच्या सपाता, थेट द्राक्षारसाच्या कोठीकडे
(ते प्रकरण आम्ही राखून ठेवलं,
पुढे बरेच अंजीर मिळाले त्यावर),
आणि अनवाणी, लहान पावलं.
डाव्या पायाची करंगळी उमटलेलीच नाही.

अरिशत उकिडवी बसली, बराच वेळ.
‘चोर वेडा आहे का गं?
शेवंडात सोनेरी काच आहे, ती तशीच.
एका माशाचा एक खवला हललेला नाही.
हा फक्त पाणी नेतोय.’

फक्त पाणी.

पिठाचे ठिपके हमामखान्यामागे गेले,
भट्टीत लाकडं सारणाऱ्या हिलारुसपाशी.
हिलारुस म्हणजे आनंदी. नाव बाबांनी ठेवलेलं,
विकत घेतला त्याच दिवशी.
राखेत पुरलेलं एक फुटकं मडकं,
गळ्यापर्यंत निळं.

‘गुन्हा कबूल कर!’ मुथुननं मानगूट धरली.
महिनाभर घोकलेलं वाक्य होतं ते.
पोरगं कितीतरी वेळ गप्प.
मग तुटक्या लॅटिनमध्ये :
‘आई पाण्यापलीकडे. जहाजानं नेली.
मी रोज पाणी काढतो.
थोडं राहिलं, की ती चालत येईल.’

मुथुनचा हात कधी सुटला, त्यालाही कळलं नाही.
चौकात उभं राहून ‘सापडला!’ असं ओरडायचं ठरलं होतं.
कोण ओरडणार, यावरून भांडणसुद्धा झालं होतं.

बाबांना सांगितलं : उंदीर.
‘उंदीर काच खातात?’
‘आफ्रिकेतले खातात,’ मुथुन म्हणाला,
ज्यांच्या सात पिढ्या आफ्रिकेत गेल्या त्या माझ्या बाबांना.

त्रोफिमुसला पुरी भाकर मिळू लागली.
आणि थिस्द्रुसहून कारागीर आला,
निळ्या काचेची अख्खी गोण घेऊन.
एका दिवसात समुद्र काठोकाठ भरला त्यानं.
चुन्याची बादली हिलारुस वाहत होता,
सांगितलं होतं म्हणून.
मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.
इतकं सगळं बघत हिंडणारी मी.

त्या रात्री पीठ कुणी भुरभुरलं नाही.
आईचा केसांतला आकडा घेऊन मी अनवाणी आले.
चुना अजून ओला होता.
मिशीजवळचा तुकडा अलगद निघाला,
गार, मसुराएवढा.
भिंतीबाहेर कुणीतरी घुबडाचा आवाज काढत होतं,
अगदी मुथुनसारखा, म्हणजे कोंबड्यासारखा.
आणि अंधारात, माझ्या कोपराला कोपर लावून,
आधीच कुणी बसलेलं, खरवडत.
हाक मारायची गरज नव्हती.
शिंपल्यांचा वास येत होता.