कोपर

सेक्टर पाचातल्या भांड्यांच्या दुकानात
मी म्हटलं, "भाऊ, कोपर आहे काय?"
दुकानदारानं बाही वर सारली,
हात वाकवून दाखवला. "हे? दोन आहेत."
मागचा पोरगा म्हणाला,
"ताई, तुम्ही कोपरातच उभ्या आहात,
खैरणे रिक्षानं पुढं."
आणि दोघं असे हसले
की मी चाळणी घेऊन घरी आले.
चाळणी माझ्याकडे होतीच.

लग्नाला अकरा दिवस झाले होते.
हिंगणघाटहून आणलेल्या पेटीत
दोन गंज, एक गडवा, एक सराटा,
आणि तोंडात त्यांची नावं.
शेजारच्या साताऱ्याच्या बाईंना म्हटलं, गंज आहे माझ्याकडे,
तर त्या म्हणाल्या, "चिंच लावून घासा, निघतो."

मालकीण हसली नाही.
नामीबाई, जिच्या भातखाचरावर आमची इमारत,
दारात एक पाय दुमडून निवट्या साफ करत होती.
"काय आनाला गेलतीस गो?"
मी हातांनी गोल काढला,
मग हवेतच कणीक मळून दाखवली.
"परात," ती म्हणाली. "आन तू काय बोलतस?"
"कोपर."
तिनं तो शब्द निवटीसारखा
उलटापालटा करून बघितला, ताजा आहे का.
आत जाऊन स्वतःची परात घेऊन आली.
"ने तुजा कोपर. कवरा मोठा हाय बग."

बदल्यात मला तिची मोरली मिळाली.
आमच्याकडे पावशी म्हणतात,
पण पावशीच्या टोकाला असं दातेरी फूल नसतं.
ओला नारळ आमच्यात देवापुढे फुटायचा,
खवायचा कुणाला माहीत.
"पावशी नाय. मोरली."
"मोरळी."
"ली."
ली म्हणता म्हणता मला दिवाळी उजाडली.

मग तेवीस वर्षं.
टोप, भगुलं, पातेलं, डेगची
एकाच नळाला रांगेत लागायचे,
आणि सगळ्यांत पाणी सारखंच कमी पडायचं.

दोन वर्षांपूर्वी माहेरी गेले,
वहिनीला म्हणाले, "परात दे ना जराशी."
"परात! मुंबईची झाली बाप्पा आमची ताई."
तिच्या हातात तोच होता,
काठाला आईच्या नावाची टिंबं ठोकलेला.
मी नाव शोधत राहिले.
जिभेखाली नव्हतं, पेटीत नव्हतं.

घरी परतले त्याच संध्याकाळी
खालून हाक आली,
"पोरी, कोपर मोकला हाय का गो? पापरांचा पीठ भिजवाचाय."
तिच्याकडे होता.
किती वर्षं तिच्याकडेच असावा, कोण जाणे.

माघात ती गेली.
मुलानं पार्किंगसाठी पडवी रिकामी केली.
भंगारवाल्याच्या काट्यावर चढली होती ती,
पाटासकट, फुलासकट.
"ते कापायचं," मुलगा म्हणाला.
"लोहा," भंगारवाला म्हणाला.
"मोरली," मी म्हटलं.
दोघांनी वळून बघितलं माझ्याकडे,
मी तर हिंगणघाटची.
एक किलो चारशे. पन्नास रुपये दिले,
सुटे परत घेतले नाहीत.

धार गेली आहे. गुडघाही पूर्वीसारखा दुमडत नाही.
तरी काल नारळ आणला, फोडला,
पाटावर बसले आणि अर्धी कवड खवून होते न होते तोच
हात सटकला.
कोपराला खरचटलं,
कोपरात खोबरं पडलं.
हे मी मोठ्यानं म्हणाले.
घरात कुणी नव्हतं.
खिडकीतून कोपरखैरण्याचा टॉवर दिसत होता, बस.