शिंगूर की वाघूर

गुरुवारी साकोलीत मशीन लावतो मी,
आठवडी बाजाराच्या वासात: सुकट, ओला बारदाना, डिझेल.
भिंतीवर सरकारी पाटी,
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
कौतिकाबाई दिघोरे, वय अठ्ठावन्न,
नातवाकडून ती वाचवून घेते
आणि गार जेलीनं शहारत विचारते,
"पोरगा हाय का पोरगी, तेवढं तं सांगा."

आलेली खड्यासाठी. खडा नाही.
उजव्या मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला
बोराएवढं काही पांढरंशुभ्र.
चरबीची गाठ. हिला मी लांबून ओळखतो,
फाट्यावर एसटीतून उतरणाऱ्या गाववाल्यासारखी.
प्रोब उचलणारच होतो.
का कोण जाणे, म्हटलं, कुशीवर वळा.

खालच्या टोकाला दुसरी.
करडी, मूत्रपिंडाच्याच रंगाची,
श्वासाबरोबर वरखाली.
हिची दोन-तीन नावं असू शकतात
आणि त्यातलं एक
मी पेशंटसमोर उच्चारत नाही.

पहिली साधी, मग दुसरीही साधीच.
दुपारचे दोन, बाहेर एकवीस जण,
किती सोयीचा हिशेब!

टॉर्च लावून तिचे गाल पाहिले, नखांच्या कडा,
पाठीवर पांढरे चट्टे आहेत का.
घरात कुणाला मिरगी?
"मिरगी नाई. एक जन बोडीत बुडला,
पन थो दारूनं."

पडदा तिच्याकडे वळवला.
चाळीस वर्षं जाळं टाकणारी बाई,
त्या गढूळ करड्यात
तिची नजर माझ्याआधी ठरली.
"एका जाळ्यात दोन जातीचे," म्हणाली.
"शिंगूर अन् वाघूर, चिखलात सारखेच दिसतेत सायेब.
शिंगूर काटा मारते, रातभर हात ठणकते.
वाघूर काई करत नाई.
पन हात घालाच्या आंधी
मी दोघाईले शिंगूरच म्हनतो."

चिठ्ठीत मी तेच लिहिलं,
फक्त लांबलचक.

नागपूर. सीटी. वरच्या गाठीत काळी चरबी दिसली,
तिची चौकशी तिथंच संपली.
खालचीसाठी पाठीतून सुई,
दोऱ्याएवढा तुकडा, छोटी बाटली.
नातवाची आठ दिवस शाळा बुडाली.

रिपोर्ट फोनवर आला तेव्हा
मी सौंदडच्या फाटकात अडकलेलो.
मालगाडी संपेना.
खालची तपकिरी, दाणेदार पेशींची. साधी.
वरचीशी नातं नाही,
एका घरात दोन भाडेकरू.
साधीच्या आधी एक शब्द होता, बहुधा.
फाटक उघडलं, मागून हॉर्न,
मी अजून त्या शब्दावर.

सहा महिन्यांनी ती येते,
पिशवीत शिंगाडे, पिशवी गळतेय फरशीवर.
"हायेत का दोघी?"
आहेत.
"वाढल्या?"
मोजतो. पुन्हा मोजतो.
एक मिलिमीटर, जो माझ्या हाताचाही असू शकतो.
"मंग असू द्या," म्हणते,
आणि मी सांगायच्या आत
कुशीवर वळते.